समरवाडी स्टेशन

ऑफिसात मला वाडीवाली म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं दीप्ती हे नाव हजेरीच्या वहीपुरतं राहिलं. ज्यांनी हे नाव पाडलं ते अजूनही मस्कतजवळ सीबला कुणाकडे जेवायला जमले की तो किस्सा सांगतात, आणि अर्धाच सांगतात. उरलेला अर्धा मी सांगते.

सत्त्याण्णव साली मी मस्कतला आले. शहरातल्या रुवी भागात एक इंजिनिअरिंग कन्सल्टन्सी होती, तिथे सिव्हिल इंजिनिअर म्हणून लागले. मंडणगडकडच्या आमच्या बौद्धवाडीतून परदेशी नोकरीला गेलेली पहिली मुलगी मी. निघाले तेव्हा अख्खी वाडी एसटीपर्यंत पोचवायला आली होती. इथे राहायला जागा मिळाली वादी अदाईत. बिल्डिंगा, किराणा, लॉण्ड्री, केरळी हॉटेल, शाळेची बस, सगळं तिथे. तेव्हा आपल्या वाडीला अरबी लोक वादी म्हणतात अशी माझी समजूत झाली. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारं कोरडं नदीपात्र, आणि आमच्या वस्तीला नाव त्या पात्रावरून पडलंय, हे मला कुणी सांगितलं होतं?

काम मोठं मजेशीर होतं. अर्बाब, म्हणजे मालक, हारून म्हणून साठीचे एक ओमानी गृहस्थ स्वित्झर्लंडला जाऊन बर्फावरून घसरणारी माणसं बघून आले होते. जबल अखदर डोंगराच्या पठारावर थंडी असते, तर तिथे मोठ्या छपराखाली मशीनने बर्फ करायचा आणि लोकांना स्कीइंग शिकवायचं, हे त्यांनी मनावर घेतलं. पण वर जायचा रस्ता कच्चा, आणि चढ असा की फोर-व्हीलशिवाय गाडी पोलीस चौकीच्या पुढे सोडत नसत. म्हणून पायथ्यापासून पठारापर्यंत प्रवासी रेल्वे, चढावर मागे न घसरणारी, मधोमध दातेरी रूळ बसवलेली. ज्याच्याकडे मोठी गाडी नाही त्याच्या पोराबाळांनी बर्फ का बघू नये, असं ते विचारायचे. मला तो माणूस तिथेच आवडला. ऑफिसात मात्र त्यांच्या पाठीमागे सगळे हसायचे.

माझ्या वाट्याला खालून दुसरं स्टेशन आलं. नकाशावर इंग्रजी अक्षरांत नाव होतं, वादी समर. मी समजले, समर नावाची वाडी असणार. मग घरं कुठे आहेत ते शोधलं, वरच्या उंचवट्यावर आठ-दहा बारके चौकोन सापडले, त्यांच्या शेजारी स्टेशन मांडलं आणि वर झोकात नाव टाकलं, समरवाडी.

चंद्रशेखर सरांनी ते ड्रॉइंग उचलून सगळ्या हॉलला दाखवलं. सर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचे, ओमानात पंधरा वर्षं काढलेले. अहो बाई, ही वाडी नव्हे, नदीचं पात्र आहे, असं मला मराठीत सांगून झाल्यावर तेच इतरांना हिंदीत रंगवून सांगितलं. हसले त्याचं मला काही नाही वाटलं, चूक माझीच होती. पण मग त्यांनी विचारलं, मंडणगडला घर कुठल्या वाडीत? बौद्धवाडीत, मी म्हटलं. अच्छा, असं म्हणून ते जरा थांबले, आणि त्या अच्छानंतर वाडीवाली हे नाव मला चिकटलं. तुम्हा लोकांच्या डोक्यातून वाडी काही जात नाही, हेही एकदा म्हणून झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नवीन होते, गिळलं.

सरांनी स्टेशन खाली नेलं, थेट पात्रात. तिथे जमीन सपाट, दगड फोडायला नको, कुणाची घरं नाहीत की खजुराच्या बागा नाहीत. नवीन ड्रॉइंग माझ्याचकडून काढून घेतलं, आणि खालच्या कोपऱ्यात जबाबदार इंजिनिअरच्या सहीचा जो चौकोन असतो तिथे माझी सही मागितली.

मी करणारही होते. खोटं कशाला बोलू? फक्त एकदा जागा डोळ्यांनी बघावी म्हणून मुनीरला घेऊन गेले. मुनीर ऑफिसचा ड्रायव्हर, बलुची, जन्म इथलाच. पात्रात गाडी उभी केली तरी तो इंजिन बंद करेना. का विचारलं, तर डोंगराकडे ढग होते. इथे फार थांबायचं नाही मॅडम, वादी येते, असं तो हिंदीत म्हणाला.

मला कळेना. पात्र कसं येईल? मग त्याने सांगितलं. इथे पूर आला असं कुणी म्हणत नाही, वादी आली म्हणतात. पाऊस पडतो लांब वर डोंगरात, इथे कडक ऊन असतं, आणि बघता बघता पाणी अंगावर येतं. त्याने मला बाभळीसारखं एक काटेरी झाड दाखवलं. फांद्यांत वाळकं गवत, काटक्या आणि बायकी चप्पल अडकली होती, एकाच पायाची. मी झाडाला स्टाफ लावला, म्हणजे मोजणीची ती आकडे रंगवलेली उंच पट्टी. चप्पल जमिनीपासून साडेतीन मीटरवर होती.

त्या चपलेवरून माझी नजर हलेना. आमची बौद्धवाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला, गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला. गाव वर, आम्ही खाली. ती जागा आम्ही निवडली नव्हती, आम्हाला नेमून दिली होती. पऱ्या भरला की पहिलं पाणी आमच्या चुलीत शिरायचं. माझ्या आईने, हौसाबाईने, एकाच जागी तीनदा नवी चूल घातली. आणि दर वेळी वरून कुणीतरी शहाणा छत्री घेऊन यायचा आणि विचारायचा, इथे घरं बांधायला तुम्हाला सांगितलं कुणी? आता तसलीच जागा मी माझ्या हाताने लोकांना नेमून द्यायची होती, आणि वर सहीही करायची होती.

सही करणार नाही, असं मी ऑफिसात येऊन सांगितलं. सर आधी हसले. पंधरा वर्षांत त्यांनी तिथे ओंजळभर पाणी बघितलं नव्हतं. प्रोजेक्ट कागदावरच राहणार होता, एका सहीने कुणाचं काय जात होतं, आणि वादी म्हणजे काय ते आता वाडीवाली त्यांना शिकवणार का? मी म्हटलं, कागदावर राहणार असेल तर निदान कागदावर तरी माणसं बुडवू नका. मग त्यांचा आवाज चढला. बुधवारपर्यंत सही, नाहीतर व्हिसा रद्द आणि मुंबईचं तिकीट. एनओसी देणार नाही, म्हणजे दोन वर्षं ओमानात दुसरीकडेही नोकरी करता येणार नव्हती. एसटीपर्यंत आलेली अख्खी वाडी माझ्या डोळ्यांपुढे आली. त्यांना काय सांगणार होते मी? वॉशरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, आणि माझं पहिलं ड्रॉइंग, समरवाडीचं, गुंडाळून पिशवीत टाकलं.

मंगळवारी अर्बाब जागा बघायला आले, सर आणि मी मुनीरच्या गाडीतून पोचलो. उंचवट्यावरच्या त्या घरांपैकी एक त्यांच्या मावशीचं, खुदेजाबाईंचं निघालं. मावशींनी खजूर आणि कॉफी पुढे केली. अर्बाबांना धंद्यामुळे हिंदी छान यायचं, तेव्हा सरांनी कॉफी घेता घेता माझा किस्सा काढला. ही मुलगी नदीला वाडी समजली, असं सांगून स्वतःच हसले. अर्बाब हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"तुमच्या भाषेत वाडी म्हणजे काय?"

मी उठून उभी राहिले.

"माणसांची घरं," मी म्हटलं. "मी स्टेशन माणसांजवळ ठेवलं होतं. सरांनी चूक सुधारली आणि ते पाण्यात ठेवलं. ती सुधारणा मी माझ्या सहीने खरी करणार नाही. हवं तर आजच घरी पाठवा."

सर काहीतरी बोलायला गेले, पण अर्बाबांनी मावशींना अरबीत विचारलं, वादी शेवटची कधी आली? शेजारी बसलेला मुनीर मला हिंदीत सांगत होता. मावशींना आठवायची गरजच पडली नाही. धाकट्या मुलीच्या लग्नात आली होती, अख्खं वऱ्हाड तीन दिवस याच घरात अडकून पडलं होतं. दारात उभं राहून त्यांनी खालचं ते झाड दाखवलं. अर्बाबांनी दारात येऊन झाड बघितलं. मग त्यांनी सरांना एवढंच विचारलं, की माझ्या मावशीला ट्रेनची वाट बघत तुम्ही कुठे बसवणार होता? सरांनी कॉफीचा कप खाली ठेवला. मी पिशवीतून माझं ड्रॉइंग काढून सतरंजीवर पसरलं. अर्बाबांनी नावावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं, समरवाडी, आणि हेच राहू द्या म्हणाले. सहीच्या चौकोनात मी तिथेच, मावशींच्या दारात बसून सही केली. आद्याक्षरं नाही, पूर्ण नाव, तेही मराठीत.

म्हणून मी जिंकले असं समजू नका. महिन्याभरात सरांनी मला काढलंच, काम कमी झालंय असं कारण देऊन. एनओसी अर्बाबांच्या शब्दाने मिळाली, आणि मी सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले. ती रेल्वे काही झाली नाही. बर्फही नाही झाला. पुढे वर जायला डांबरी रस्ता झाला आणि फाईल कुठल्याशा कपाटात गेली. एवढा तमाशा कशासाठी केलास, असं मला अजून विचारतात. विचारोत. त्या कपाटात जी सही आहे ती माझी आहे, आणि ती पाण्याच्या वर आहे.

दोन हजार सातच्या जूनमध्ये मोठं वादळ आलं. तीन दिवस कुणाचा फोन लागेना. चौथ्या दिवशी मुनीरचा आला. तो मावशींची चौकशी करायला तिकडे जाऊन आला होता. नेहमीसारखा हिंदीतच बोलत होता, फक्त एक शब्द त्याने दहा वर्षं माझा जपून ठेवला होता.

"वादी आली, मॅडम. ते झाडसुद्धा घेऊन गेली," तो म्हणाला. "वाडी जागेवर आहे."