माझ्या पाठीचं माप

मी एक जुनी मोटरसायकल आहे, मित्रांनो, पण कामावर जायला किंवा भाजी आणायला निघते तसली नाही. मला ना दिवा, ना आरसे, ना पिशवी अडकवायला हूक. मला मातीत पळण्यासाठी आणि उंचवट्यांवरून उड्या मारण्यासाठी बनवलं होतं. म्हणून माझे मडगार्ड उंच, टायर दातेरी आणि सीट लांबट. सीटच्या दोन्ही अंगांना, मागच्या चाकापर्यंत उतरणारे दोन शॉकअप आहेत. शॉकअप म्हणजे जाड स्प्रिंग आणि तिच्या पोटात तेल भरलेली नळी. उडी मारून खाली आलं की स्प्रिंग दबते आणि पुन्हा वर यायला बघते. नळीतलं तेल तिला सांगतं, जरा दमानं. हे मला आज ठाऊक आहे. पूर्वी मी नुसतीच उड्या मारत होते.

माझा सांगाडा जोडणारा वेल्डर मला अजून आठवतो. प्रत्येक सांधा थंड झाला की तो त्यावर नखानं टकटक करायचा आणि कान लावायचा. काय ऐकू यायचं कोण जाणे, पण समाधान झाल्याशिवाय मला पुढच्या टेबलावर जाऊ द्यायचा नाही.

मला घरी आणलं तेव्हा मामा बावीस वर्षांचे होते. तेव्हा त्यांना कुणी मामा म्हणत नव्हतं, पण पुढे भाचीनं म्हटलं, मग घरानं, मग सगळ्या गल्लीनं. म्हणून मीही म्हणते. आम्ही दोघं नऊ वर्षं शर्यतीत पळालो. मैदानावर मातीचे उंचवटे केलेले असत. आम्ही तिसऱ्या उंचवट्यावरून उडालो की कडेला उभी असलेली माणसं एकदम गप्प व्हायची आणि माझी चाकं जमिनीला लागली की पुन्हा बोलायला लागायची. ती मधली शांतता मला फार आवडायची.

मग एक शर्यत आली. आम्ही नेहमीसारखेच उडालो. खाली आलो तेव्हा माझी पाठ धाडकन तळाला बसली आणि क्षणात अशी उसळली की जणू कुणी खालून लाथ मारावी. मामा हँडलवरून पुढे फेकले गेले. त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली.

तो गुडघा पुन्हा नीट वाकलाच नाही. मला मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत उभं करून वर ताडपत्री टाकली. कुणी शर्यतीचं विचारलं की मामा म्हणायचे, "तिनं फेकलं मला." पत्र्याची खोली काही दूर नव्हती. मला सगळं ऐकू यायचं.

मित्रांनो, सव्वीस वर्षं मी या एका वाक्याचा विचार केला. फेकलं का मी? तर मग का फेकलं? नऊ वर्षांत कधी नाही आणि त्याच दिवशी का? मला माझं पुढचं चाक दिसतं, हँडल दिसतं. पाठीत काय झालं ते मात्र मला कसं दिसणार? तेवढ्या काळात पालीनं माझ्या हवेच्या डब्यात अंडी घातली, टायर बसले आणि मामींना ताडपत्रीबाहेर आलेलं माझं हँडल फरशी पुसायचं फडकं वाळत घालायला बरं वाटू लागलं. मामींचा माझ्यावर राग होता, पण फडकं मात्र त्या रोज नेमानं वाळत घालायच्या.

एके सकाळी ताडपत्री उचलली गेली. समोर मामांची भाची उभी होती. ती शिवणकाम करते, शाळांचे गणवेश शिवायचं तिचं दुकान आहे. लहानपणापासून अंगानं इतकी बारीक की मामा तिला काडीच म्हणतात. ती जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी पाय शोधायला आली होती. तो शोधायचा राहिला बाजूला आणि ती माझ्याभोवती तीन चकरा मारून आली. गळ्यात मोजायची टेप होतीच. तिनं माझ्या सीटवर दोन्ही हात ठेवून दाबलं. मी खाली गेले, वर आले, खाली, वर, खाली, वर.

"मामा," तिनं हाक मारली, "ही तीन वेळा का हलते?"

मामा लंगडत दारापर्यंत आले. "म्हातारी झालीय."

"म्हातारी माणसं अशी हलत नाहीत. आखडतात."

आणि तिथंच मामा फसले. कारण काडीनं एकदा प्रश्न धरला की सोडत नाही. तिनं त्यांचा असा पिच्छा पुरवला की आठवडाभरात मामा पत्र्याच्या खोलीत स्टूल टाकून बसू लागले. कार्ब्युरेटर धुतला, टायर बदलले, क्लचची तार ताणली. गुडघ्यामुळे त्यांना किक मारता येत नव्हती. ती काडीनं मारली. बाराव्या किकला मी धूर सोडला आणि बोलले. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, हँडलवरचं फडकं उचललं आणि आत गेल्या.

राहिले मागचे शॉकअप. मामा म्हणाले, त्यात काय, नवे घालू. दुकानातून त्यांनी एक जोडी आणली. लाल स्प्रिंग, चकचकीत नळ्या. मामांचा चेहरा असा खुलला होता की मलाही तेच हवेसे वाटले. ते बसवले आणि माझं मागचं अंग एकदम वर गेलं. सगळं वजन पुढे हँडलवर आलं, चेन घासू लागली आणि बाजूचा स्टँड जमिनीला पुरेना.

काडी लांब उभी राहून डोकं तिरकं करून बघत होती. "मामा, हिला उंच टाचांचे सँडल घातलेत तुम्ही."

"दिसतात झकास."

"दिसतात. पण चालणार कशी ही?"

तिनं जुने शॉकअप जमिनीवर ठेवले, वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत टेप लावली. मग नवे मोजले. नवे चार सेंटिमीटरनं लांब भरले. "मापाशिवाय कापड आणलंत," ती म्हणाली. मामांनी निमूटपणे ते परत नेले.

दुसरी जोडी लांबीला बरोबर होती. आता मामाही हुशार झाले होते. वरच्या-खालच्या भोकांची रुंदीसुद्धा त्यांनी मोजून आणली होती. काडीनं खडूनं माझ्या सीटखाली एक खूण केली आणि तिथून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहिलं. मग स्वतः सीटवर बसली आणि मामांना पुन्हा मोजायला लावलं. अंतर तेवढंच. मी हललेच नाही. मग मामा बसले, तेव्हा कुठं मी जेमतेम एक बोटभर दबले. मलाच कसंतरी झालं. पाठीला फळी बांधल्यावर वाटेल तसं.

"मजबूत आहे," मामा म्हणाले.

"मजबूत की ताठ?"

मामांनी हात टेकले. "चल, काकूंकडे जाऊ."

या काकू म्हणजे कारखान्यांसाठी स्प्रिंगा वळणाऱ्या. मला टेम्पोत घालून त्यांच्याकडे नेलं. त्यांच्या कामाच्या खोलीत भिंतभर स्प्रिंगा टांगलेल्या होत्या. पेनात बसतील एवढ्याही आणि मांडीएवढ्या जाडही. काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि म्हणाल्या, "नव्याचं नंतर. जुने कुठं आहेत? आधी ते बघू."

माझे जुने शॉकअप काडीनं पिशवीतून आणले होते. काकूंनी डावा शिकंज्यात धरून उघडला. आत काळं, दाट तेल होतं, पण होतं. मग उजवा उघडला. त्यातून थेंबही पडला नाही. काकूंनी आतला दांडा बाहेर काढून उजेडात धरला. त्यावर उभे ओरखडे होते, खोल आणि गुळगुळीत झालेले.

"ही गाडी उभी किती वर्षं होती?"

"सव्वीस," मामा म्हणाले.

"तेल उभ्यानंही गळतं. पण उभ्या गाडीला असे ओरखडे पडत नाहीत. हा कोरडा असताना पळालाय, आणि बराच पळालाय. एका बाजूला तेल, दुसरी बाजू कोरडी. उंचावरून खाली आली असेल तर मागून घोड्यासारखी उसळली असेल ही."

मी ऐकत होते. मित्रांनो, सव्वीस वर्षांचा माझा प्रश्न त्या बाईंनी एका दांड्याकडे बघून सोडवला होता. माझा जीव भांड्यात पडला. पण मामांचा चेहरा उतरला होता.

"ओल दिसली होती मला," ते म्हणाले.

काडीनं वळून पाहिलं. "कसली?"

"तेलाची. उजव्या शॉकअपवर. महिनाभर आधीपासून. दर शर्यतीआधी फडक्यानं पुसायचो. म्हटलं, हंगाम संपला की बघू." ते आपला गुडघा चोळत होते. "आणि पडलो तेव्हा सगळ्यांना सांगितलं, तिनं फेकलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं."

काडीनं आपली बाटली उघडून त्यांना पाणी दिलं. मामांनी ते प्यायलं आणि मग माझ्याजवळ येऊन सीटवर हात ठेवला. माफी वगैरे काही मागितली नाही. गाडीची माफी कोण मागतं? पण हात बराच वेळ ठेवला.

काकूंनी वही ओढली. "नवी जोडी माझ्याकडे आहे. दिसायला साधी आहे, पण लांबी हीच, आणि ती उघडता येते. तेल अडवणारं सील गेलं तर फेकून द्यायला नको, दुरुस्त होते. स्प्रिंग मी वळून देते. चालवणाऱ्याचं वजन सांगा."

मामा म्हणाले, "ब्याऐंशी." म्हणाले आणि थांबले.

इतके दिवस हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नव्हता. मला चालवणार कोण? मामांनी धरलं होतं की आपण. काडीनं धरलं होतं की आपण. दोघांनी एकमेकांना कळू दिलं नव्हतं. मलाही आता कुतूहल वाटू लागलं.

"मामांचंच लिहा," काडी घाईनं म्हणाली.

"तुझं किती?"

"सत्तेचाळीस. पण मधलं धरलं तर चालेल ना? पासष्ट वगैरे?"

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तू शिवतेस ना? बापाचं आणि लेकीचं माप मिसळून एक सदरा शिवतेस का?"

मामांनी एकदा आपला गुडघा वाकवून पाहिला. जेवढा वाकायचा तेवढाच तो वाकला. मग ते स्टुलावरून उठले.

"हिचं लिहा."

"मामा, नको. गाडी तुमची आहे."

"गाडी माझीच आहे. पाठ तुझ्या मापाची करू." ते काकूंकडे वळले. "सत्तेचाळीस."

"बूट, हेल्मेट, जाकीट घालून," काकू म्हणाल्या. "नुसत्या माणसाचं वजन मी लिहीत नसते."

मग टेम्पोत आणलेलं ते सगळं चढवून काडीला शेजारच्या गोदामातल्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. त्रेपन्न भरलं. काट्यावरच्या माणसानं माल कुठं पाठवायचा असं विचारलं, तेव्हा मामा कित्येक दिवसांनी मोकळेपणी हसले.

आठ दिवसांनी शॉकअप आले. काळी साधी स्प्रिंग, तार पहिल्यापेक्षा बारीक. बसवले. काडी बूट-हेल्मेटसकट सीटवर बसली, मामांनी जमिनीवर एक पाय लांब करून टेप लावली. माझं मागचं चाक सगळं मिळून दहा सेंटिमीटर वरखाली होतं. मी त्यातले तीन दबले. नुसतं बसल्यावर तेवढंच दबायला हवं, असं काकूंनी सांगितलं होतं.

मैदानावर गेलो तेव्हा मामीही आल्या. कडेला उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. काडीनं पहिल्या दिवशी उडी मारली नाही, हे मी मुद्दाम सांगते. ती नुसती उंचवट्यांवरून हळू हळू गेली. पहिल्या खळग्यात माझी पाठ दबली, वर आली आणि थांबली. एकदाच. माझा माझ्यावर विश्वास बसेना. मी पुढच्या खळग्याची वाट पाहू लागले. तिथंही तसंच. चाक मातीला धरून राहत होतं आणि वर बसलेल्या मुलीला जेवढं कळायला हवं तेवढंच कळत होतं.

ती परत आली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "मामा, सपाटीवर एक चक्कर मारा की."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "मला काय विचारता? सावकाश जा म्हणजे झालं."

काडीनं किक मारून दिली. मामा बसले तशी मी त्यांच्या वजनानं पार खाली बसले. ही स्प्रिंग त्यांच्यासाठी नव्हतीच. मी त्यांना उंचवट्यांकडे नेऊ शकत नव्हते, आणि त्यांनीही तसं मागितलं नाही. आम्ही मैदानाच्या कडेनं, दुसऱ्या गियरमध्ये, एक पूर्ण चक्कर मारली. अर्ध्या वाटेत ते मला म्हणाले, "आरामखुर्ची झालीय नुसती." नऊ वर्षं बरोबर पळालो, पण ते माझ्याशी बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आता दर रविवारी आम्ही जातो. परत आलो की काडी माझ्यावर पाणी मारण्याआधी खाली बसते आणि शॉकअपच्या दोन्ही दांड्यांवरून बोट फिरवून बोटाकडे बघते. तिचं बोट आजवर कोरडंच निघालंय.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी सायकल, पंखा, पंप किंवा शिलाई मशीन असेल. ती नीट चालतेय तोवर तिच्याकडे कानाडोळा करणं सोपं असतं. तरी अधूनमधून तिच्याजवळ बसा. कुठं ओल दिसली, वेगळा आवाज आला, तर हे कुठून येतं ते विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आम्हाला सांगता येत नाही. पण मोजलंत, उघडलंत, हात लावून पाहिलंत, तर आम्ही काहीही लपवून ठेवत नाही.