सांजबाईच्या गाण्याचा नवस

मी एक कॅसेट. साठ मिनिटांची, दोन्ही बाजूंनी भरलेली. माझ्यासारखीच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून ज्यांनी फीत गुंडाळली असेल, त्यांना माझी ओळख सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजावं, की गाणी हातात धरता यायची असा एक काळ होता. परवापरवापर्यंत, बावीस वर्षं, मी भागूबाईच्या देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या डाव्या अंगाला, लाल खणात बांधून ठेवलेली होते. मला रोज हळदकुंकू लागायचं. वाजवत मात्र कुणी नव्हतं. असं का, तेच सांगायचंय.

माझा जन्म गुलमंडीवरच्या एका दुकानात झाला. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि दुकानदार गाणी भरून द्यायचे. आपल्या पसंतीची गाणी कागदावर लिहून द्यायची आणि चार दिवसांनी कॅसेट न्यायची. भागूबाईचे यजमान बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात नुकतेच लागले होते. त्यांनी अंबिकाताई परतूरकरांची बारा गाणी लिहून दिली. मग काय आठवलं कुणास ठाऊक, काउंटरवर उभ्या उभ्या त्यातलं एक खोडलं आणि तिथं लिहिलं, ‘थांब जराशी वेशीपाशी’. बायको भाकरी थापताना गुणगुणते ते. म्हणजे मी जन्मले तीच कुणाच्या तरी आवडीनिवडीतून.

दुकानदार मात्र एक गोष्ट विसरला. कॅसेट भरून झाली की पाठीवरची बारकी खुंटी मोडायची असते. ती मोडली की वरून दुसरं काही भरता येत नाही. माझी खुंटी तशीच राहिली. मोठ्या गोष्टी कधी कधी अशा विसरण्यातून घडतात.

ते गाणं तुम्ही ऐकलेलं असो वा नसो, त्यात एक आई आहे आणि ती संध्याकाळीला विनवते आहे. ‘थांब जराशी वेशीपाशी, सांजबाई, अजून माझं पाखरू घरी आलं नाही.’ एवढंच. अंतऱ्यात अंबिकाताईंचा आवाज एका ओळीला असा वर चढायचा, की बद्रीनाथांच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबायचा.

इंद्रजीत चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. आई ओट्यापाशी, टेप चालू, आणि हे पोरगं टेपपुढं बसलेलं. त्याला लाल बटण आवडलं. त्यानं ते दाबलं. लाल म्हणजे आवाज भरून घ्यायचं. नेमकी ती वर चढणारी ओळ आली होती. ती गेली, आणि तिच्या जागी माझ्या फितीवर उमटलं, “आई, दशमी दे ना गं!” मग भागूबाईचं “आले रे राजा, आले,” आणि खट्.

एक ओळ पुसली गेली. ती काय होती ते आता मलाही आठवत नाही.

बद्रीनाथ चिडले. “नवी भरून आणू का?”

“नको,” भागूबाई हसून म्हणाली, “मला हेच आवडतं. गाण्यातलं पाखरू घरी आलं की नाय, ते कुठं कळतं? माझ्या कॅसेटमधलं तर येऊन दशमी मागतंय.”

तेव्हापासून त्या घरात ते गाणं असंच ऐकलं गेलं. त्या ओळीची जागा आली की तिघंही एका सुरात म्हणायची, “दशमी दे ना गं!” आणि नंतरचा ठेका पकडायची.

इंद्रजीत बाराव्या वर्षी तापानं फणफणला. ताप मेंदूपर्यंत गेला म्हणाले. दवाखान्यात अकरा दिवस तो डोळे उघडत नव्हता. भागूबाई पहिल्यापासून व्रतावैकल्यांची. सोमवार, चतुर्थी, चातुर्मासाचे नेम. वांगं तिनं आधीच सोडलेलं, गूळ सोडलेला, चहा सासऱ्यांच्या दुखण्यात सोडला होता. आवडीचं म्हणावं असं सोडायला हाताशी एकच उरलं होतं. बाराव्या दिवशी ती कर्णपुऱ्याच्या देवीपुढं उभी राहिली. मी तेव्हा तिच्या पिशवीत होते.

“आई, माझं पाखरू घरी येऊ दे. मी हे गाणं सोडलं. आता ऐकीन ते परतूरकर बाईंच्या तोंडून, समोर बसून. आणि मग तुला दशमीचा नैवेद्य दाखवीन.”

पोरगं उठलं. घरी आलं. मी लाल खणात गेले.

गाणं सोडणं सोपं नसतं, बरं का. वांगं आपण ताटात घेतलं नाही की झालं. गाणं कुणाच्याही खिडकीतून येतं. करमाडला भाच्याच्या लग्नात बँडवाल्यांनी हेच सुरू केलं, तेव्हा भागूबाई भरल्या पानावरून उठली आणि थेट जनावरांच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. विहीणबाई आजही म्हणतात, बालूशाही आवडली नाही वाटतं! नात श्रेयानं एकदा मोबाइलवर शोधून लावलं, तर आज्जी कणकेचे हात कानांवर धरून गच्चीत. दोन ओळी कानावर पडल्याच, म्हणून दुसऱ्या दिवशी उपास.

सून तनुजा हसायची. “आई, देवी काय मोबाइल तपासायला बसलीय का?”

“ती नाय बसत. मी बसते ना.”

नवस फेडायला ती दोनदा निघाली. एकदा ताईंचा कार्यक्रम ठरला आणि आदल्या दिवशी सासूबाई, वच्छलाबाई, गेल्या. सुतक लागलं. दुसऱ्यांदा तिकिटं काढली तर सगळं जगच बंद झालं. भागूबाईच्या जिवाला तेच लागून राहिलं. देवीनं तिचं काम बावीस वर्षांपूर्वी केलं होतं, आणि हिचं राहिलं होतं.

या वर्षी बातमी आली. अंबिकाताई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी निरोपाचा दौरा करणार. प्रत्येक शहरात एक कार्यक्रम, आणि मग गाणं थांबवणार. आपल्याकडं रविवारी, दुपारी चारला. आवडीची गाणी चिठ्ठीवर लिहून द्या, मध्यंतरानंतर ताई त्यातली निवडून गातील.

रविवारी पहाटे भागूबाईनं सोवळ्यात दशम्या केल्या. श्रेयानं हात पुढं केला तर म्हणाली, “आधी देवीला. कार्यक्रम संपला की थेट कर्णपुरा, मग तू.” डबा बंद करून पिशवीत ठेवला. त्याच्या शेजारी मला. बावीस वर्षांनी मी उंबरा ओलांडला.

नाट्यगृहाबाहेर ही रांग! इंद्रजीत आईचा हात धरून उभा. शेंद्र्याच्या कंपनीतला साहेब, चौतिशीचा, पोट सुटलेला. बद्रीनाथ घरीच थांबले होते, गुडघ्यांमुळं. निघताना म्हणाले, “माझ्या वाटणीचं तूच ऐक. पण गोठ्यात पळून जाऊ नको म्हंजे झालं.”

रांगेत पुढं बिडकीनचे सर्जेराव होते, निवृत्त मास्तर. त्यांच्या वहीत दौऱ्यातल्या प्रत्येक शहराच्या गाण्यांची यादी. मागं मुनीरभाई, सिटी चौकातले टेप-रेडिओ दुरुस्त करणारे. दोघांची आधीपासून जुंपलेली.

“मास्तर, वो झुलेवाला गाना होना. वो नै गाए तो मैं उठ के जाता.”

“जा की! सोलापुरात झुल्यानंच सुरुवात केली होती, इथं दुसरं काहीतरी करतील. मी सांगतो, पहिलं गाणं ओवीचं.”

“तुम क्या उनके सेक्रेटरी है?”

“तीस वर्षं ऐकतोय, मुनीरभाई. सेक्रेटरी बदलले असतील, मी नाय बदललो.”

रांग हसली. प्रत्येकाचं एक गाणं होतं. कुणाला कॉलेजातलं हवं होतं, कुणाला गेलेल्या वडिलांचं. मी पिशवीत पडल्या पडल्या ऐकत होते. माणसं गाणं मागतात तेव्हा नुसतं गाणं कुठं मागतात? त्या गाण्यात त्यांचं काहीतरी ठेवायला दिलेलं असतं, ते मागत असतात.

भागूबाईनं भीत भीत विचारलं, “मास्तर, ते वेशीपाशीचं म्हणतील का हो?”

सर्जेरावांनी वही मिटली. “नाय, ताई. त्याची आशा नका धरू. नाशकाला घेतलं होतं. त्या अंतऱ्यात एक ओळ लई वर जाती. आवाज फाटला. बाई भर सभेत डोळे पुसत आत गेल्या. त्यानंतर एकाही गावात घेतलं नाय. एका पत्रकारानं विचारलं तर म्हणाल्या, ती ओळ अर्धवट म्हणण्यापेक्षा गाणंच नको.”

भागूबाईनं पिशवी पोटाशी धरली, एवढं मला कळलं.

पूर्वार्धात ताई आठ गाणी गायल्या. आवाज जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा, ठोके पडलेला पण खणखणीत. झुला आला, मुनीरभाईंनी शिट्टी मारली. मध्यंतरात चिठ्ठ्यांची परडी फिरली. भागूबाईनं घरूनच लिहून आणलेली चिठ्ठी काढली. बघितली. आणि फाडली.

“आई, काय करतीस? बावीस वर्षं थांबलीस ना यासाठी?”

“नवस माझा हाय. त्याच्यापायी त्या माउलीचा गळा कशाला ताणायचा? चारचौघांत पुन्हा रडायला लावू का त्यांना?”

“मग नवसाचं काय?”

“देवीला सांगीन, राहिला म्हणून. ती पण आईच हाय.” तिनं दुसरा कागद घेतला, चष्मा लावला आणि हळूहळू लिहिलं. परडीत टाकला.

उत्तरार्ध सुरू झाला. ताईंनी चार-पाच चिठ्ठ्या वाचल्या, दोन गाणी म्हटली. मग एक चिठ्ठी वाचता वाचता त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचली.

“‘ताई, वेशीपाशीचं गाणं मागायला आले होते. पण मागत नाही. गळ्याला जपा. नवसाचं देवी बघून घेईल.’” त्यांनी मान वर केली. “सगळ्या दौऱ्यात काही न मागणारी ही पहिली चिठ्ठी. कुणाची आहे? आणि कसला हो नवस?”

भागूबाईनं पदर तोंडाला लावला. उठायची तिची छाती होईना. तेव्हा शेजारचा इंद्रजीत उभा राहिला.

“ताई, चिठ्ठी माझ्या आईची हाय. आणि नवस म्हणजे मी.”

सभागृह हसलं. मग त्यानं थोडक्यात सांगितलं. ताप, देवी, सोडलेलं गाणं. हसू हळूहळू विरलं.

ताईंनी चिठ्ठीची घडी करून पेटीवर ठेवली. “माणसं माझं गाणं धरून ठेवतात हे माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “लेकरासाठी कुणी सोडलंही असेल, हे नव्हतं माहीत. बाई, मी गाते. पण ती एक ओळ आता माझ्याकडं नाही. तेवढी जागा मोकळी सोडीन. नवसाला चालेल ना?”

भागूबाईनं मान डोलावली. ती पदराआड हसत होती. का, ते त्या भरल्या सभागृहात फक्त तिघांना ठाऊक होतं, आणि तिसरी मी होते.

तबल्याचा ठेका सुरू झाला. थांब जराशी वेशीपाशी, सांजबाई. भागूबाईनं डोळे मिटले नाहीत. नवस समोर बसून ऐकण्याचा होता, ती डोळे भरून ऐकत होती. ध्रुवपद झालं. अंतरा आला. ताईंचा आवाज पायरी पायरीनं चढला आणि थांबला. ठेका तेवढा चालू राहिला. सगळं सभागृह ती ओळ मनात म्हणत होतं. सर्जेरावांनी तर हातही वर नेला होता.

आणि त्या मोकळ्या जागेत, बरोबर तिथंच, चौतीस वर्षांचा जाडजूड आवाज आईच्या कानाशी वाकला.

“आई, दशमी दे ना गं.”

भागूबाई एकदम हसली आणि एकदम रडली. पुढच्या रांगेतून कुणीतरी “श्श!” केलं. तिनं पिशवीत हात घातला. मला बाजूला सारलं, डबा उघडला. सकाळपासून कुणाला बोट लावू न दिलेली नैवेद्याची दशमी तिनं मोडली आणि पोराच्या हातात ठेवली.

“अगं, देवीचा नैवेद्य ना तो?”

“खा तू. देवीला उद्या दुसरी करीन,” ती पुटपुटली. “आले रे राजा, आले.”

ताईंनी पुढची ओळ उचलली, आणि गाणं घरी पोचलं.

आता माझी हकिगत फार उरली नाही. दुसऱ्या दिवशी भागूबाई ताज्या दशम्या घेऊन कर्णपुऱ्याला गेली. परत आल्यावर तिनं लाल खण सोडला, माझ्यावरचं जुनं कुंकू ओल्या फडक्यानं टिपलं. माळ्यावरचा टेप मुनीरभाईंकडं दिलाय. आतला पट्टा वितळलाय म्हणे. “अम्मा, बिठा देता, पन टाइम लगेगा,” असं ते म्हणाले. माझी फीत पण ठिसूळ झालीय. एकदा वाजेन, दोनदा वाजेन, कदाचित मधेच तुटेन. मला त्याचं वाईट वाटत नाही. श्रेयाला एवढं ऐकायचंय, की बाबा लहानपणी कसे बोलायचे.

मी देव्हाऱ्यातून उतरून आता टीव्हीशेजारी, उन्हाच्या कवडशात पडलेय. जाता जाता एकच मागणं आहे, वाचणाऱ्या बाई-बाप्यांनो. तुमच्याही घरात, एखाद्या पेटाऱ्यात, माझी एखादी बहीण असेल. बिघडली, मधेच कुणी बोलतंय, गाणं अर्धवट आहे, म्हणून टाकून दिलेली. तिला भंगारात देण्याआधी एकदा लावून बघा. जिथं ओळ गेलीय, तिथं कुणी हाक मारतंय का ते ऐका. आणि मारत असेल, तर ओ द्या.