मोरणीच्या गालावरचे केस

उगाच कोणी बापाला समुद्र दाखवत नाही. हे माझं ठाम मत आहे, आणि एवढं सगळं होऊनही ते फारसं बदललेलं नाही.

ऐन सारंगखेड्याच्या जत्रेत, घोडेबाजार भरलेला असताना, माझा मुलगा भावेश म्हणाला, "आबा, गाडी काढू. तुम्ही, आई, मी आणि कामिनी. आधी वर तोरणमाळ. थंडीत एक रात्र राहू, तळं बघू. मग घाट उतरून शहादा, प्रकाशा, नवापूर, सोनगड करत थेट सुरतेपलीकडे डुमसला. डोंगरावरून समुद्रावर!"

सूनबाईनं, म्हणजे कामिनीनं, मोबाईलवर रस्ता काढूनच ठेवला होता. वरून खाली निळी रेघ.

"म्हणजे आधी वर चढायचं आणि मग आपल्याच गावाजवळून खाली उतरायचं," मी म्हणालो. "मग मध्ये घरी थांबू. मोरणीला बघू, चहा घेऊ, पुढं निघू."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भावेश म्हणाला, "मध्ये घरी शिरलो तर सहल कसली, आबा? तुम्ही परत बाहेर पडणार आहात का?"

झालं! तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मोरणी म्हणजे माझी घोडी. आमच्याच गोठ्यात जन्मली. तिची आई विताना गेली, तेव्हा मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. दरवर्षी जत्रेत मिरवायला नेतो, विकायला नाही. व्यापारी हात जोडून मागतात, मी हात जोडूनच नाही म्हणतो. आणि याच पोरानं मागं एकदा म्हटलेलं, "आबा, आता कोणी घोडी पाळतं का?" विसरलो नाही मी. वर्षभर समुद्र कुठं पळून चालला नव्हता, मग जत्रेतच का? मला गाडीत घालून डुमसला न्यायचं, आणि इकडं घोडी दुसऱ्याच्या दावणीला. लहान पोरालाही कळेल.

माझी बायको दगूबाई मात्र हरखून गेली. तिला यंदा दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. म्हणाली, "आपली राख तापीतच जायची, आणि तापी जाते समुद्रात. राख होऊन जायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघू द्या की."

मी हो म्हणालो आणि डोळे उघडे ठेवले.

दुसऱ्याच दिवशी शेतातून येतो तर गोठ्यात एक परका माणूस. केशरी फेटा, पिळदार मिशा. मोरणीचं तोंड उघडून दात बघतोय, पायांवरून हात फिरवतोय, खूर उचलतोय. भावेश शेजारी उभा राहून मान डोलावतोय. शेवटी दोघांनी हातात हात दिला. मी रचलेल्या केळीच्या घडांमागं उभा होतो. रक्त नुसतं उकळत होतं माझं!

विचारलं का नाही? विचारलं की सावध होतात लोक. मला काय येडा समजता? सौदा मोडायचा तर घेणाऱ्याच्याच मनात भरवावं लागतं, घोडी नको म्हणून.

आणि घोड्यावाला कशाला भितो, ते मला चांगलं माहीत आहे. भोवऱ्याला. अंगावर केसांचे भोवरे असतात, काही लाभतात, काही बुडवतात. डोळ्याखाली भोवरा असला, आसू ढाळल्यासारखा, तर त्याला म्हणतात आसूढाळ. तसली घोडी ज्या घरी, त्या घरची बाई टिकत नाही म्हणतात. फुकट दिली तरी कोणी दारात बांधत नाही. म्हणून लबाड विकणारे तेवढ्याच जागेचे केस वस्तऱ्यानं तासून टाकतात. डोळ्याखाली तासलेलं दिसलं की जाणता माणूस काय ते समजतो.

मोरणीला तसलं काही नव्हतं. गाल कसा, रेशीम. पण भरदुपारी सगळे जेवून कलंडल्यावर मी माझं दाढीचं सामान घेऊन गोठ्यात गेलो. साबण लावला, फेस केला, आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढी जागा गुळगुळीत केली. बिचारी हलली नाही. तिचा माझ्यावर विश्वास.

संध्याकाळी फेटेवाला परत आला. मी खाटेवर तंबाखू मळत बसलो, जणू त्या गावचाच नाही. त्यानं मोरणीचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि दोन पावलं मागं सरकला. कानाच्या पाळ्या धरल्या.

"राम राम राम! इथं आसूढाळ होता. कोणी तरी तासला. भाऊ, मी नाही ठेवणार ही घोडी. मला घरी बायको आहे."

"नका ठेवू!" मी उठलोच. "घोडी मन्ही शे. कोनी इकानी नही!"

भावेश माझ्याकडं बघतच राहिला. "आबा, विकतंय कोण? हे गुलाबसिंग. घेणारे नाहीत, राखणारे आहेत. आपण गेल्यावर मोरणीला सांभाळायला ठरवलं यांना. घोड्याचा जाणकार जत्रेशिवाय भेटतो का? म्हणून तर आत्ता निघायचं ठरवलं. कोणावरही सोडून तुम्ही आला असता?"

गुलाबसिंग चप्पल घालून निघालासुद्धा. आणि दारात दगूबाई उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

"इतकी वर्षं ही माझ्या दारात आहे," ती हळूच म्हणाली. "आणि मी दवाखान्याच्या वाऱ्या करतेय. तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, काही नव्हतं तिथं! देवाशपथ! आज दुपारी मीच तासलं. सौदा मोडावा म्हणून."

"सौदा नव्हताच."

"ते मला काय माहीत?"

"पोटच्या पोरावर तुमचा विश्वास नाही, आणि मी तुमच्यावर ठेवू?" आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापणारे ऐकले होते. तुम्ही घोडीचा गाल तासलात. आता खाली काय होतं, ते केस उगवल्यावरच कळणार. तोवर मी या घरात झोपणार नाही."

मी गयावया केली, चिडलो, जेवलो नाही. काही उपयोग झाला नाही. तिघं तोरणमाळला गेले, तिथून समुद्राकडं. परतताना ती निझरला भावाकडं उतरणार होती. मोरणीला राखायला मी राहिलो. जत्रेत बातमी माझ्याआधी पोचली होती. यंदा घोडी मागायला एकही व्यापारी दारात आला नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

डुमसवरून तिचा व्हिडिओ कॉल आला. मागं मळकट पाणी, वारा, पदर उडत होता.

"बघा," ती हसत म्हणाली, "ही आपल्या गावावरून आलेली तापी. केवढी झालीय!" असं हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. शेजारी मी असायला हवा होतो.

मग ती म्हणाली, "केस?"

मी मोबाईल मोरणीच्या गालाशी धरला. बारीक कोवळी लव आली होती, सरळ, खालच्या अंगाला वळलेली. कुठं भोवरा नाही, काही नाही.

"दिसलं ना? साफ आहे!"

"अजून जवळ धरा." तिनं पदर सावरला आणि मोबाईल डोळ्यांपाशी नेला.

"खरं सांगा," ती म्हणाली, "पुन्हा तासलं तर नाही ना तुम्ही?"