पाठ पुसलेली चिप

चिपला पाय पाच. तीन या बाजूला, दोन त्या बाजूला. आकार तिळाहून जरासा मोठा. पाठ मात्र साफ कोरी. ताईंनी ती भिंगाखाली उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली आणि म्हणाल्या, "कुणीतरी नाव घासून काढलंय."

'कुणीतरी' म्हणताना त्यांनी शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. स्टूल त्यांच्या दिराचं.

आमच्या वर्कशॉपात लाकूड कापायच्या यंत्रांवर बसवायचे लेझर तयार होतात. पितळी नळीतून लाकडावर लाल रेघ पडते, कारागीर त्या रेघेवर करवत चालवतो. माणसं तीनच. ताई मालकीण आणि तपासनीस. सर्किट जोडणारे त्यांचे दीर. त्या भाऊजी म्हणतात म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. आणि स्टोअरला मी. या दारातून स्क्रूसुद्धा माझ्या नोंदीशिवाय बाहेर जात नाही.

वखारीतून एक लेझर परत आला होता. रेघ थरथरत होती. सर्किटमधल्या त्या चिपचं काम एकच: बॅटरी चढो की उतरो, लेझरच्या डायोडला करंट तेवढाच द्यायचा. जरा जास्त गेला की डायोड संपला. चिप बदलली की झालं. पण बदलायची तर नाव हवं. ताईंनी स्टोअरमधले आणखी चार लेझर उघडले. चारही चिपा कोऱ्या.

सुटे भाग भाऊजीच मागवायचे; माझ्या वहीत नुसतं 'चिप' एवढंच होतं, आणि सुटी चिप एकही उरली नव्हती. भाऊजींना विचारलं.

"यादी जुन्या फोनमध्ये होती, वहिनी. फोन पाण्यात पडला."

"पाणी बरं वेळेवर सापडलं."

"पाणी तिथेच होतं. फोन पडला."

"आणि नाव आठवत नाही."

"पाच अक्षरं-आकडे होते. मी काय पोराचं नाव ठेवत होतो? पण वहिनी, मी काही घासलं नाही."

"मी तुमचं नाव घेतलंय का?"

नव्हतंच घेतलं. पण घरातली माणसं एकमेकांचं नाव न घेताच जास्त बोलतात.

खरं सांगायचं तर पाणी मुरतंय असं मलाही वाटत होतं. समोरच्या गल्लीतल्या वर्कशॉपातही लेझरच बनतात, आणि गेल्या आठवड्यात भाऊजी तिथे चहा पिताना दिसले होते. आपल्या चिपचं नाव फक्त आपल्यालाच ठाऊक असलं की माणसाचं वजन वाढतं. उद्या ते उठून समोर गेले तर आम्ही रेघ कशानं मारणार, खडूनं? त्यांच्या ड्रॉवरमध्ये ब्लेड निघालं, बारीक पॉलिशपेपर निघाला. "बॅटरीचे पॉइंट घासायला आहे तो," ते म्हणाले. ताई "हो का," म्हणाल्या आणि ड्रॉवरला कुलूप लावायला मला सांगितलं. मी लावलं. जरा उत्साहानंच लावलं.

ठरलं असं: वखारवाल्याला शनिवारपर्यंत लेझर दुरुस्त करून द्यायचा, नाहीतर तो उरलेले अकराही परत करणार. आणि भाऊजींनी शनिवारीच दुपारी वर्कशॉपची किल्ली आणून द्यायची. सख्ख्या दिराला असं सांगणं सोपं नसतं. ताईंनी ते निरोप पाठवून सांगितलं.

मग त्या चिपच्या मागे लागल्या. चालू असलेल्या लेझरवर मीटर लावून एकेक पाय तपासला. कुठल्या पायाला बॅटरी येते, कुठला अर्थिंगला जातो, छोट्या रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतात, सगळं कागदावर मांडलं. "दोन बाजूंचे व्होल्ट तोलून करंट सांभाळणारी चिप आहे," त्या म्हणाल्या, "पण अशा पाच पायांच्या ढीगभर मिळतात, आणि दर कंपनीची पायांची मांडणी वेगळी." अंदाजानं तीन मागवल्या. पहिली लावली, काहीच नाही. दुसरी लावली, रेघ क्षणभर झगझगीत उमटली आणि मग नुसती लालसर मिणमिण उरली. डायोड गेला. तिसरी लावायचा धीर त्यांना झाला नाही.

शनिवारी सकाळी मी भाऊजींच्या हातच्या मालाची यादी करायला बसलो. माणूस जाताना काय घेऊन गेला ते नंतर कळून काय उपयोग? हिशेबानं सर्किटं एक्केचाळीस हवीत, भरली चाळीस. मनात म्हटलं, सापडला! मग आठवलं, एक्केचाळिसावं नमुना म्हणून मीच पाकिटात घालून ठेवलं होतं, जोडल्या जोडल्या, चिकट होतं तसंच.

ताईंनी ते भिंगाखाली धरलं. भिंग जवळ ओढून पाठ वाचली. मग म्हणाल्या, "लिहा." पांढऱ्या शाईतली पाच अक्षरं-आकडे मी वहीत लिहिले.

"हे एकच का नाही घासलं त्यांनी?" मी विचारलं.

ताईंनी सर्किट नाकाशी नेलं, बोट लावलं. सोल्डरिंगचा चिकटा बोटाला आला. मग त्यांची नजर टेबलाच्या कोपऱ्यावर गेली. तिथे थिनरची बाटली होती आणि बाटलीत उभा त्यांचा जुना टूथब्रश. प्रत्येक सर्किट नळीत बसवण्याआधी त्या स्वतः धुतात. धुतल्याशिवाय स्टोअरात घ्यायचं नाही हा नियम माझा, कारण चिकट मालाला भुसा लागतो.

"वहीत नीट लिहिलंय ना?"

"दोनदा तपासलंय."

त्यांनी ब्रश बुडवून चिपवरून फिरवला. एकदा नाव फिकट झालं. दुसऱ्यांदा गेलं.

तेवढ्यात भाऊजी आले. किल्ली टेबलावर ठेवली, बसले नाहीत. ताईंनी पाकिटातलं सर्किट पुढे सरकवलं, मग ब्रश, मग माझी उघडी वही.

भाऊजींनी तिन्ही पाहिलं. ब्रशचा वास घेतला.

"म्हणजे घासत तुम्ही होतात."

"धूत होते," ताई म्हणाल्या. मग स्टूल पुढे ओढून म्हणाल्या, "बसा ना, भाऊजी."

"बसतो. आधी माझ्या ड्रॉवरचं कुलूप काढा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं. किल्ली माझ्याच खिशात होती, आणि खिशात एकटीच होती. तरी सापडायला जरा वेळ लागला.