ठमीच्या गळ्याखालचा गोळा

मी ठमी बोलतेय. कोंबडी. हसू नका, आधीच डोकं फिरलंय माझं. सुरतेच्या डिंडोलीतल्या या घरानं चार दिवसांत माझ्या चोचीत काय काय कोंबलं ते ऐकलंत, तर तुम्हीच म्हणाल, अगं ठमे, दुखण्यातून वाचलीस ते ठीक, पण या औषधांतून कशी वाचलीस?

जन्म माझा अमळनेरकडचा. माझी मालकीण उषाबाई, तिनं माहेराहून सुरतेला येताना आम्हा चार पिल्लांना टोपलीत घालून आणलं. गाडीत टीसी आला की ती मोठ्यानं खोकायची, आमचं चिवचिव ऐकू जाऊ नये म्हणून. त्या खोकल्यावर आम्ही आलो. तिघी गेल्या, मी उरले.

मागच्या अंगणात आमची सगळी खिचडी आहे. गावरान मी एकटी. एक काळी कडकनाथ, तिला स्वतःचा फार तोरा. एक फार्मची पांढरी, तिला अंडं कुठं घातलं तेही आठवत नाही. आणि एक बदक, त्याला कोणी बोलावलं होतं देव जाणे.

उषाबाई ओट्यावर बसून साड्यांचे धागे कापते. मार्केटातून गठ्ठे येतात, ही साडी उलटी करून लोंबते धागे कातरीनं उडवते. लाल, पोपटी, जरीचे. वाऱ्यानं हलले की अगदी गांडूळ! मी लपत-छपत जायचे, तिच्या मांडीवरचाच धागा ओढायचे अन् पळायचे. ती चप्पल फेकायची, मला मजा यायची. बदक मागं लागलं की तोंडातला धागा त्याला देण्यापेक्षा मी गिळून टाकायचे. असला माझा स्वभाव.

खोटं कशाला बोलू, मी नाटकीही होते. मागच्या वर्षी उगाच लंगडत होते. उषाबाईची नात हर्षदा, शाळेत जाते ती, मला चार दिवस दहीभात भरवायची. पण एके दिवशी माझा गोंधळ झाला. सकाळी डाव्या पायानं लंगडले, दुपारी उजव्या. पकडले गेले.

म्हणून या वेळी गळ्याखाली जडजड वाटायला लागलं, दाणा नको झाला, पंख पाडून डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहिले, तर उषाबाई तिच्या अहिराणीत काय म्हणाली?

"नाटक शे हाई. दहीभात पाहिजे महाराणीले."

दोन दिवस माझ्याकडे कोणी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी बघितलं, ते न बघते तर बरं झालं असतं.

उषाबाईनं आधी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मग लसूण ठेचून कोंबला. मग हळद. हर्षदानं मोबाइलात वाचलं, "आजी, हिचं अंडं अडकलंय. गरम पाण्यात बसवायचं." बसवलं मला घमेल्यात! मी काय वांगं आहे? कडकनाथ कुंपणाशी उभी राहून बघत होती. त्या मेलीला मी विसरणार नाही.

संध्याकाळी उषाबाईचा नवरा राघो उधन्याच्या कारखान्यातून आला. लांबूनच मला बघून म्हणाला, "मानमोडी शे. आमना खात्यातल्या एकाच्या सगळ्या कोंबड्या दोन दिवसमा गेल्या. सकाळी कोंबड्या लेनारा पिंजरावाला येस. सगळ्या दी टाक, बदकबी."

"सगळ्या?" उषाबाईनं विचारलं.

"मग काय एकेक मरताना बघत बसशी?"

आता बघा. मानमोडी म्हणजे मान वाकडी करणारी साथ, अन् माझी मान तर सरळ होती. वाकडी झाली नव्हती, थरथरत नव्हती. बाकीचे तिघं मजेत किडे टोचत होते. पण तेवढं कोण बघतंय? माझ्या एकटीच्या दुखण्यापायी सगळं अंगण पिंजऱ्यात जाणार होतं. पांढरीला तर काहीच कळत नव्हतं, ती आपली धूळ अंगावर उडवत होती. तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा माझ्या खोड्यांची लाज वाटली.

तेवढ्यात शेजारची सरस्वती आजी कढीलिंब मागायला आली. गावी तिनं जन्मभर कोंबड्या पाळलेल्या. मला काखेत धरलं, गळ्याखाली दोन बोटं लावली अन् उषाबाईवरच खेकसली.

"आज हिले दाना देऊ नको. सकाळमा मी येस. तोवर कोणी काही कोंबं ना, तर तेच तुमना तोंडमा कोंबसू!"

सकाळी आली. आधी बाकीच्या तिघांचे गळे दाबून बघितले. सपाट. मग माझा. काल संध्याकाळी होता तसाच, मळलेल्या कणकेसारखा गच्च.

"पाहा राघो, निरोगी कोंबडीनी गळानी दानानी पिशवी रातभरमा रिकामी होस. हिनी नही झाली. हाई मानमोडी नही. हिना गळामा काहीतरी अडकेल शे."

तेल पाजलं, चोळलं. गोळा हलेना. मग तिनं नवं ब्लेड मागितलं. राघोनं माझे पाय धरले अन् स्वतःचे डोळे मिटून घेतले. मोठा मानमोडीवाला!

फार सांगत नाही. आजीनं छोटी चीर दिली, बोट घातलं, अन् बाहेर काय आलं? धाग्यांचा गुंता. लिंबाएवढा. लाल, निळा, जरी, त्यात दोन टिकल्या.

उषाबाईनं तो ओल्या हातात उलटापालटा केला. "व माय... हाऊ पोपटी तर दिवाळीना गठ्ठाना." मग खाली बसली. "मीच टाकेल शे हाई. मन्हाच हातना."

"रडत बसू नको," आजी म्हणाली. "माले आता सुई दिसत नही. शिव तू."

जी बाई दिवसभर धागे कापते, तिनं धागा उकळून सुईत ओवला अन् मला शिवलं. आधी आतली पिशवी, मग कातडं. टाका एक वाकडा नाही. पांढरा दोरा घरात नव्हता, म्हणून राणी कलरचा.

फाटकाशी पिंजरावाला ओरडला. राघो माझे पाय न सोडता म्हणाला, "भाऊ, आज काही नही. आमनं शिवणकाम चालू शे."

आता बरी आहे. गळ्यावर राणी कलरचे टाके मिरवत कडकनाथसमोरून मुद्दाम दोनदा जाते. उषाबाई कापलेले धागे पिशवीत भरून तोंड बांधते अन् रोज सकाळी दाण्याआधी चौघांचे गळे चाचपते. तुम्हालाही हात जोडून, म्हणजे पंख जोडून सांगते, कोंबडी आजारी पडली की आधी हात लावा, मग लसूण.

काल ओट्याखाली एक धागा पडलेला दिसला. पोपटी. वाऱ्यानं असा हलत होता, काय सांगू! उचलला. बदक मागं लागलं. तरी नाही गिळला. नेऊन उषाबाईच्या पायाशी टाकला.

तिनं माझ्याकडे बघितलं, धाग्याकडे बघितलं, अन् म्हणाली, "आता हाई काय नवं नाटक शे?"

घ्या!