फोटोपुरतं कुंकू

पुण्याचे प्राध्यापक खेड्यातल्या चालीरीती लिहून घ्यायला श्रीगोंद्याच्या ऊसतोडीच्या तळावर आले होते. पाचटाच्या कोपीसमोर पोत्यावर बसून चहा बशीत ओतून पिण्यापर्यंत त्यांनी प्रगती केली होती.

कडूबाईला सातवा महिना होता. थोरली राही पोटात असतानाच शेजारच्या कोपीतल्या छबूबाईनं कडूबाईच्या पोटाला कुंकू लावलं होतं, मुलगी झाली तर माझ्या थोरल्या पोराची म्हणून. मुलगी झाली. अकराव्या वर्षी लग्न लागलं आणि या हंगामात राही नवऱ्यामागं फडात उसाच्या मोळ्या वाहत होती. या खेपेला कडूबाईनं ठरवून टाकलं होतं, ह्या पोटाला कुणाचं बोट लागू द्यायचं नाही. छबूबाई धाकट्याला कडेवर घेऊन आली, की ती पदर ओढून घ्यायची.

म्हणूनच तिनं नवऱ्यादेखत प्राध्यापकांना विचारलं, "दादा, ही रीत बराबर हाय का? कायद्यात न्हाई म्हनत्यात." शिकलेला माणूस एकदा नाही म्हणाला असता, तर नवऱ्यानं, गहिनीनाथनं, ऐकलं असतं.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "बाई, सगळ्या माणसांचे हक्क सारखे, हे म्हणायला सोपं असतं. पण ज्या त्या समाजाची आपली रीत असते. तुमचं चूक म्हणणारा मी कोण?"

माणूस चांगला होता. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

मग त्यांनी कॅमेरा काढला. "कुंकू कसं लावतात, जरा दाखवता? नुसतं फोटोपुरतं."

"दाव की," गहिनीनाथ म्हणाला. "पाव्हन्याला न्हाई म्हनती व्हय?"

कडूबाईनं पदर बाजूला केला. का केला, तिचं तिला कळलं नाही. हात आपला हलला. छबूबाईनं करंडा आणून बोट टेकवलं, फोटो निघाला. कडूबाई लगेच पुसायला गेली, तर छबूबाईनं मनगट धरलं.

"पुसू नगं, इहीनबाई. कुंकू फोटूपुरतं नसतंय. मुलगी झाली तर माझ्या धाकट्याची."

"दादा, खोटं खोटं हुतं म्हनून सांगा की ह्यांना."

"त्यात मी कसा पडू?" प्राध्यापक अगदी आदरानं म्हणाले आणि वही उघडून लिहू लागले.

राग यायला हवा होता. आला नाही.

समोरून राही मोळी घेऊन आली. तिनं ती गाडीपाशी टाकली, आईच्या पोटावरचं कुंकू पाहिलं आणि पुढची मोळी आणायला फडात गेली.