ओडेलचा साठ काडतुसांचा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. वाजवायचा नव्हे, रायफलच्या पोटाखाली लावायचा, काडतुसं भरायचा. गोल, काळा, कडेने बराच खरचटलेला. साधं मॅगझिन केळ्यासारखं सडपातळ असतं, त्यात तीस काडतुसं मावतात. माझ्यात साठ मावतात. या आकड्यापायीच मला घरी आणलं गेलं, आणि याच आकड्यापायी मी पुष्कळ बोलणीही खाल्ली.

कारखान्यात एका बाईने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, एकदा फिरवून पाहिली आणि मला खोक्यात ठेवलं. खोकं उघडलं ते थेट टेक्ससमध्ये, ओडेलच्या स्वयंपाकघरात.

ओडेल भुईमूग पिकवायचा. रानडुकरांचा कळप शिरला की सगळ्या सऱ्या उकरून टाकायचा. ओडेलची बोटं संधिवाताने आखडलेली. तो मॅगझिन बदलेपर्यंत डुकरं पसार व्हायची.

"आता बदलायलाच नको," तो बायकोला म्हणाला.

व्हर्नाने मला हातात तोललं. "आणि हा भरणार कोण? तुझी ही बोटं?"

"तू आहेस की."

"वा! बिस्किटंही मीच भाजायची आणि याचं पोटही मीच भरायचं!"

बोलली खरी, पण भरायची तीच. दुपारी दोघं ओसरीवर बसायची. ओडेल काडतूस पुसून द्यायचा आणि ती अंगठ्याने आत दाबायची. शेवटची काही ढकलताना तिचा अंगठा लाल व्हायचा. तेव्हा मला वाटायचं, या घरात आपण कुणीतरी आहोत.

शेतात मात्र माझं ओझंच व्हायचं. मी भरलेला असलो की रायफल जड व्हायची. पालथं पडून नेम धरायला जावं, तर आधी मीच जमिनीला टेकायचो. चालताना आत खुळखुळायचो ते वेगळंच. शेजारचा हॉयट हसायचा. "ओडेल, डुकरांना आगाऊ कळवायचंय का? मग गळ्यात घंटाच बांध ना!"

"हस लेका. कळप अंगावर आला की माझ्याच मागे लपशील."

काढणीच्या दिवसांत एकदा मी गाडीच्या फळीवरून लाल वाळूत पडलो. ओडेलने मला उचललं, विजारीला पुसलं आणि म्हणाला, "घरी गेल्यावर उघडून बघू." ते राहूनच गेलं. त्याच संध्याकाळी झुडपांतून कळप बाहेर आला. हॉयट फाटकाशी उभा होता, व्हर्ना गाडीत बसली होती. पहिली काडतुसं मी नीट वर दिली. मग पोटातली वाळू आडवी आली, एक काडतूस तिरकं झालं आणि रायफल मुकी झाली.

जखमी झालेला एक मोठा डुक्कर हॉयटवर धावला. ओडेल मला ओढत होता, थापटत होता, पण त्याच्या बोटांना मला सोडवायची कळ दाबता येईना. मित्रांनो, मला जागचं हलता येत असतं तर! तेवढ्यात गाडीतून व्हर्ना उतरली. तिच्या हातात तिच्या वडलांची जुनी रायफल होती, मोजून पाच काडतुसांची. तिच्या एका गोळीत डुक्कर कोसळला. पण तोवर हॉयटची मांडी फाटली होती. व्हर्नाने रुमालाने जखम आवळून बांधली. ओडेल त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकच बोलत होता, "माझ्यामुळे झालं रे."

हॉयट वाचला, पण कायमचा लंगडा झाला. व्हर्नाने मला कचऱ्याच्या डब्यापाशी नेलं. "आज हा घरातून जाणार."

"उघडून तरी बघू," ओडेल म्हणाला. उघडल्यावर टेबलावर वाळू सांडली. त्याने ती तळहाताने गोळा केली. "याने काय करायचं होतं, व्हर्ना? मातीतून उचलला आणि तसाच नेला मी याला."

मी वाचलो. पुढे डुकरांसाठी लोखंडी पिंजरे लागले आणि मी खणात जाऊन पडलो. मला वाटलं, आता गंजायचंच.

एके दिवशी हॉयट काठी टेकत आला. "तो ड्रम काढ रे, चांदमारीला जाऊ."

"तो? तुला वेड लागलंय का?"

"इथे लंगडत घालवू का उरलेला जन्म? काढ."

तिथे मी टेबलावर टेकून असायचो, त्यामुळे माझा भार कुणाला वाटत नसे. दोघं म्हातारे भांडत भांडत मला भरत बसायचे. भरायला निम्मी सकाळ जायची आणि निशाणाच्या पत्र्याच्या थाळ्यांवर मी बघता बघता रिकामा व्हायचो. मग पुन्हा भरणं, पुन्हा भांडण. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस तेच.

गेल्या हिवाळ्यात ओडेल गेला. व्हर्ना खण आवरत होती, तेव्हा हॉयट टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"व्हर्ना, तो ड्रम मला देशील?"

"ज्याने तुझा पाय घालवला तो?"

"पाय डुकराने घालवला. हा बिचारा तर गप्प बसला होता."

व्हर्नाला हसू फुटलं. ओडेल गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता रडली. मग डोळे पुसून तिने मला उघडलं, कुंचल्याने कानाकोपरा झाडला, तेलाचा हात फिरवला आणि तसाच रिकामा हॉयटच्या हाती दिलं.

मित्रांनो, मोठा आकडा पाहून वस्तू घरी आणणं सोपं असतं. पण जितकी ती मोठी, तितकी तिची निगा मोठी. मी कशाला उपयोगी आहे आणि कशाला नाही, ते आधी ओळखा. मातीत पडलो तर त्याच दिवशी उघडून पुसा, घरी गेल्यावर बघू म्हणू नका. आणि काम संपलं की मला रिकामा करून कुलपात ठेवा. माझ्यासारख्याला विसावा मिळतो तो रिकाम्या पोटीच.